जिथं बोललात, तिथंच

अक्काचा फोन आला तेव्हा मी रविवार कारंजाजवळच्या फ्रेमवाल्याच्या दुकानात उभा होतो. दाजींच्या सत्काराचा फोटो मोठा करून फ्रेम करायला टाकला होता, तो घ्यायला गेलो होतो. अक्का रडत नव्हती. "गेले रे," एवढंच म्हणाली, आणि मग, "तो फोटो मात्र आणू नको"... मी चपापलो. हिला कसं कळलं मी कुठे उभा आहे ते? नंतर समजलं, तिला काहीच कळलेलं नव्हतं. दाजीच गेले काही दिवस तिला बजावत होते, की मी गेल्यावर भिंतीवर कुठलाही फोटो लाव, नाहीतर लावूच नको, पण सत्काराचा लावू नको. इकडे फ्रेमवाल्यानं फ्रेम काउंटरवर ठेवली. सोनेरी कड, मध्ये दाजी, आणि त्यांच्या खांद्यावर शाल घालणारी एक बाई. माझं फोनवरचं बोलणं त्यानं ऐकलं असावं. हळू आवाजात म्हणाला, "सर, हार घालायला पाहिजे असेल तर बाईंना कट करून देतो. एकटे साहेब चांगले दिसतील." मी फ्रेम तिथेच ठेवून बाहेर पडलो. अजून ती तिथेच आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सायखेड्याच्या पुढे गोदाकाठी त्यांचं गाव, आणि त्या सगळ्या पट्ट्यातले ते पुढारी, लोकांचे 'अण्णा'. मी नाशिकच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो, म्हणून त्यांच्यासाठी मी कायमचा 'मास्तर'. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीलाच त्यांनी मला चिडवलं होतं, "मास्तर, तुम्ही व्याकरण शिकवा, मी बोलतो." आणि खरंच, बोलावं तर दाजींनी. आठवडी बाजारात पाराच्या ओट्यावर उभे राहिले की भाजीवाल्या तराजू खाली ठेवून ऐकत. हशा कुठे पिकवायचा, आवाज कुठे खाली आणायचा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान होता, थोडा हेवाही होता. शाळेत मी चाळीस पोरांना गप्प करू शकत नव्हतो आणि हा माणूस सगळा बाजार गप्प करायचा. त्याच ओट्यावरून, त्याच आवाजात, ते एकदा खोटं बोलले, आणि तेही सगळ्यांनी तसंच कान देऊन ऐकलं.

ज्यांना ते प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गावात उलट्या-जुलाबांची साथ आली होती. पहिलीत जाणारी एक मुलगी दगावली. गाव पेटलं. पाण्याची टाकी कितीतरी दिवस धुतली नव्हती आणि त्यात पावडर पडली नव्हती, हे खरं कारण. टाकीचं काम दाजींच्या माणसांकडे होतं. गावच्या आरोग्य उपकेंद्रातली नर्सबाई साथीच्या आधीच दाजींना सांगून गेली होती, की टाकी साफ करा, पाणी वाईट आहे. "बघतो," म्हणाले होते दाजी. बघायचं राहून गेलं. आणि मुलगी गेल्यावर बाजाराच्या दिवशी ओट्यावर चढून त्यांनी सांगितलं, की सरकारनं पाठवलेली औषधं या बाईनं बाहेर विकली, म्हणून आपली लेकरं तडफडली. त्या दिवशी लोकांनी तिचं सामान रस्त्यावर फेकलं. आपल्या लहान मुलीला घेऊन ती एस.टी. स्टँडवर बसली होती, आणि ज्या बायांची बाळंतपणं तिनं केली होती त्यांनी तिच्याकडे पाठ केली. नोकरी गेली. देवळाली कॅम्पला तिचा भाऊ शिवणकाम करायचा, त्याच्या घरी ती राहायला गेली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, दाजींच्या नावाची आमदारकीसाठी चर्चा सुरू झाली तेव्हा, टाकी धुणाऱ्या माणसानंच एका चॅनलच्या कॅमेऱ्यासमोर सगळं सांगून टाकलं. नर्सबाई दाजींना टाकीचं सांगायला आली तेव्हा तो तिथेच ओट्याखाली बसलेला होता. दोन दिवसांत दाजींच्या घरासमोरच्या गाड्या नाहीशा झाल्या. ज्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं ते त्यांचा फोन उचलेनात. अक्का मला म्हणाली होती, "मला लोकांचं काय नाय वाटत रे. ह्यांनी मलासुद्धा इतकी वर्षं सांगितलं नाय, त्याचं वाटतं." दाजी तिच्यासमोर बसून ते ऐकत होते. मी त्यांना पहिल्यांदाच बोलायला शब्द न सापडताना पाहिलं.

शब्द मी पुरवले. मास्तर ना मी! नाशिकच्या एका हॉटेलात पत्रकार परिषद घेतली आणि माझ्या हस्ताक्षरातलं निवेदन दाजींनी वाचलं: 'अपुऱ्या माहितीमुळे माझ्याकडून काही विधान झाले असल्यास व त्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे.' मला ते वाक्य तेव्हा फार नेटकं वाटलं होतं. एका बातमीदारानं देवळाली कॅम्पला जाऊन नर्सबाईंना ते ऐकवलं. त्या म्हणाल्या, "माझ्या भावना नाही दुखावल्या. माझी नोकरी गेली, माझं नाव गेलं. आणि माहिती अपुरी कशी? मीच दिली होती की." दाजींच्या उरल्यासुरल्या कार्यकर्त्यांपैकी एकानं सुचवलं, की रामकुंडावर विधी करू, डोकं भादरू, चॅनलवाल्यांना बोलावू, लोक विसरतील. दाजी म्हणाले, "अरे, पाण्याचंच तर पाप हाय माझं. आता परत पाण्यातच कशाला बुडवता मला?" आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन देवळाली कॅम्पला गेले.

नर्सबाईंनी आम्हाला घरात घेतलं नाही. दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या, आत मशीनची खडखड चालू होती. दाजींनी हात जोडले, "चुकलो" म्हणाले, डोळ्यांत पाणीही आलं. त्या थांबल्या, दाजींचं रडून होईपर्यंत थांबल्या, आणि म्हणाल्या, "इथं माझ्या दारात कशाला सांगता? मला माहीतच आहे मी काय केलं नि काय नाही. बाजारात बोलला होतात ना? मग जिथं बोललात, तिथंच बोला." दार लावून घेतलं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. एवढा मोठा माणूस दारात उभा आहे, एक घोट पाणीसुद्धा विचारू नये? गाडीत मी तसं म्हणालोही. दाजी खिडकीबाहेर बघत होते. "पाणी? तिनं? मला?" एवढंच म्हणाले.

बाजाराच्या दिवशी ते ओट्यावर चढले. आणि काय बोलले! मी ऐकत होतो, माझे डोळे भरून आले. पश्चात्ताप असा, की बाया पदरानं डोळे पुसत होत्या. शेवटी टाळ्या झाल्या, कुणीतरी झेंडूचा हार आणून घातला, "याला म्हणतात मोठं मन" म्हणून दोघंचौघं पाया पडले. मला वाटलं, सुटलो. कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं ते भाषण नर्सबाईंपर्यंत पोचलं. त्यांनी अक्काला फोन केला. दाजींना नाही, अक्काला. "तुमच्या यजमानांना म्हणावं, माफी मागायला गेला होतात की सभा घ्यायला? माझी बदनामी करताना टाळ्या मिळाल्या, ती पुसतानाही टाळ्याच?" अक्कानं तो निरोप जेवायला वाढता वाढता दिला, एक शब्द कमीजास्त न करता. दाजी ताटावरून उठले नाहीत. जेवले, हात धुतले, आणि म्हणाले, "खरं हाय तिचं. मला दुसरं येतच नाय काही."

तिथून पुढचे दाजी मला कधी नीट समजले नाहीत. ते ओट्यावर परत चढले नाहीत. घडीचं एक स्टूल घेऊन ते बाजारात जायचे आणि हौसाबाईच्या मेथीच्या जुड्यांशेजारी बसायचे. माईक नाही, भाषण नाही. भाजी घ्यायला जो थांबेल त्याला सांगायचे: नर्सबाईंनी मला आधी सांगितलं होतं. टाकी मी साफ केली नाही. औषधं त्यांनी विकली नव्हती, ते मी खोटं बोललो. बस. त्यात 'मला क्षमा करा' नव्हतं, 'माझ्या मनाला' वगैरे नव्हतं. रडायचे नाहीत. एकदा कुणी हात जोडून "अण्णा, तुम्ही देवमाणूस" म्हणाला, तर त्याला म्हणाले, "माझं सोड, नर्सबाईचं नाव घरी जाऊन सांग, तुझ्या आईला सांग, तिनंच सामान फेकलं होतं." तो माणूस परत त्या बाजूला फिरकला नाही. पहिले काही बाजार लोकांनी टिंगल केली, मग कंटाळले. सगळ्यात जास्त हौसाबाई वैतागायची. "ओ पुढारी, तुमचं आटपलं का? माझं गिऱ्हाईक पांगतंय लय," असं ओरडायची, आणि दाजी स्टूल चार बोटं सरकवून पुन्हा तिथेच बसायचे.

दर वेळी बाजाराला निघताना ते आधी साथीत गेलेल्या त्या मुलीच्या घरी जायचे. तिचे वडील अंगणात असले तर उठून आत जायचे. दाजी थोडा वेळ उभे राहून निघायचे. त्या प्रकरणाची चौकशी नव्यानं सुरू झाली तेव्हा दाजींचा वकील सांगत होता, की साहेब, आठवत नाही म्हणा, इतकी वर्षं झालीत. दाजी सगळं बोलले, स्वतःच्या विरुद्ध. नर्सबाईंवरचा ठपका पुसला गेला, त्यांना पुन्हा कामावर घेतलं गेलं, तोवर त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. मी म्हणालो, "दाजी, आता झालं. जे करण्यासारखं होतं ते केलंत." त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तिला तिची वर्षं मिळाली का परत?" आणि स्वतःच पुढे म्हणाले, "मग झालं कसं?"

मला हे सहन होत नव्हतं, आणि हेच मला आज सांगायचं आहे. माझ्या दाजींना बाजारात मेथीवाली हाकलते, याची मला लाज वाटायची. नातेवाइकांत विषय निघाला की मी त्यांची बाजू मांडायचो, आणि मांडता मांडता मला पटायचं, की आता समाजानं पुढे होऊन या माणसाला परत उभं केलं पाहिजे. माणसाला परत उभं करायची आपली एकच रीत: सत्कार. हॉल घ्या, हार आणा, शाल आणि नारळ द्या. दाजींची पंचाहत्तरी आली. त्यांनी साफ नाही म्हटलं. मी म्हणालो, घरगुती आहे, चार माणसं येतील. तेव्हा त्यांच्या हृदयाचं दुखणं सुरू झालं होतं, वाद घालायची ताकद नव्हती. मी हॉल घेतला, भरला. आणि मग मला ती कल्पना सुचली, जिचा मला त्या दिवशी फार गर्व होता: शाल नर्सबाईंच्याच हातून द्यायची.

मी देवळाली कॅम्पला गेलो. या वेळी त्यांनी मला आत बसवलं. मी म्हणालो, "दाजींची तब्येत बरी नाही. हृदयाचं आहे. एकदा येऊन भेटून जा." खोटं नव्हतं त्यात काही. फक्त हॉलचं बोललो नाही, शालीचं बोललो नाही. "आजारी माणसाला भेटायला यायला काही नाही," म्हणाल्या. कार्यक्रमाच्या दिवशी मी त्यांना आणायला गाडी पाठवली. त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात मोसंबीची पिशवी होती. आजाऱ्याला भेटायला निघालेल्या बाईच्या हातात असते तशी. हॉल, रांगोळी, बॅनर बघून त्या दारातच थबकल्या, आणि मी माईकवरून त्यांचं नाव पुकारलं. लोक वळून बघायला लागले, टाळ्या सुरू झाल्या. दोन मुली जाऊन त्यांना हाताला धरून वर घेऊन आल्या. मोसंबीची पिशवी कुणीतरी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि शाल ठेवली. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, जरा इकडे बघा, हसा." भरलेल्या सभागृहात, आजारी म्हाताऱ्या माणसासमोर, शाल हातात असताना बाई दुसरं काय करणार? त्यांनी ती दाजींच्या खांद्यावर ठेवली. दाजी उठून उभे राहायला बघत होते, मी त्यांना खांदे दाबून बसवलं... ते डॉक्टरांनी उठू नका म्हटलं होतं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो आहे.

दाजींना बोलायला सांगितलं तेव्हा ते माईकसमोर नुसते बसले. लोकांना वाटलं, भारावलेत. घरी सोडताना गाडीत त्यांनी एकच विचारलं, "तिला विचारलं होतंस का?" मी म्हणालो, "दाजी, लोकांनी किती प्रेमानं..." "तिला विचारलं होतंस का, एवढंच सांग." उतरताना त्यांनी शाल सीटवर ठेवली. ती माझ्या कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढायचा धीर मला झालेला नाही. त्यानंतरच्या रविवारी वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत, याच पानावर, माझा लेख आला. तो फोटो आणि वर मथळा: 'अखेर क्षमा!' वाचकांचे खूप फोन आले. माझ्या आयुष्यात माझ्या कुठल्याच लेखाला इतके फोन आले नव्हते, आणि मी प्रत्येकाला आवाज जड करून "धन्यवाद" म्हणत होतो.

पुढच्या बाजाराला, डॉक्टर आणि अक्का दोघांचं न ऐकता, दाजी स्टूल घेऊन गेले. नेहमीचं सांगितलं आणि वर एक वाक्य जोडलं: फोटोत दिसतं ते खरं नाही, त्यांनी मला माफ केलेलं नाही. पण आता कुणी ऐकेना. "अण्णा, झालं की आता! तिनंच शाल घातली ना? पेपरात आलंय." दाजी परत परत सांगत होते आणि लोक हसत, पाठीवर हात ठेवत, पुढे जात होते. हौसाबाई मला नंतर म्हणाली, "त्या दिवशी मीच बोलले त्यांना, पुढारी, घरी जा, तुमचं मिटलं. त्यांचं तोंड असं झालं, मला वाटलं मी काय शिवी दिली का काय." स्टूल तिच्याकडेच ठेवून ते घरी आले आणि पुन्हा बाजारात गेले नाहीत. चार शब्द खरे बोलायची जागा त्यांनी मोठ्या कष्टानं मिळवली होती, ती मी एका दुपारी बंद करून टाकली. आणि नर्सबाईंकडे उरलेला 'नाही' म्हणायचा हक्क मी काढून घेतला, तोही टाळ्यांच्या गजरात.

तेरावं झाल्यावर मी शाल तशीच पिशवीतून घेऊन देवळाली कॅम्पला गेलो. शाल परत करावी, पाय धरावेत, असं काहीतरी मनात होतं. त्या दारातच उभ्या राहिल्या, पहिल्यांदा राहिल्या होत्या तशाच. शालीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी म्हणालो, "बाई, मला माफ करा, मी तुम्हाला फसवून आणलं." त्या म्हणाल्या, "तुमच्या दाजींना एवढं तरी समजलं होतं, की मला येऊन सांगून काही होत नाही. तुम्ही शिकलेले, मास्तर तुम्ही. कुठं छापलं होतंत? मला विचारायला येऊ नका. तिथंच छापा." आणि दार लावण्याआधी म्हणाल्या, "माझं नाव नका घालू. खूप झालं माझं नाव घेऊन."

म्हणून हे इथे लिहितो आहे, त्याच पानावर. त्या फोटोतल्या बाईंनी दाजींना क्षमा केलेली नव्हती. त्यांना खोटं निमित्त सांगून तिथे आणलं होतं, आणि ते मी केलं. 'अखेर क्षमा!' हा मथळा माझा होता, त्यांचा नव्हे. हे लिहितानाही माझा हात सवयीनं वाक्य सजवायला जातो आहे, एखादा ओलावा आणायला बघतो आहे, आणि साधं बोलायला दाजींना किती कष्ट पडले असतील ते मला आत्ता कळतंय. वाचकांना विनंती आहे: लेख छान झाला म्हणून मला फोन करू नका. त्या लेखाची कात्रणं ज्यांनी ठेवली आहेत, आणि मला दाखवलीही आहेत, त्यांनी ती फाडून टाकावीत.

मागच्या बाजाराला मी हौसाबाईकडे गेलो. स्टूल तिनं मेथीच्या गोणीमागे उभं करून ठेवलं होतं. "नेता का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "बसतो जरा." तिनं माझ्याकडे वरखाली बघितलं आणि काही न बोलता स्टूल उघडून दिलं. कॅनव्हास मधोमध खोलगट झालेलं, दाजींच्या अंगाच्या मापाचं. आयुष्यभर शिकवत आलेला मी, आणि तोंड उघडेना. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. शेवटी हौसाबाईच ओरडली, "अहो मास्तर, बोला की! पुढारी बसला की लगेच सुरू व्हायचा. नुसती जागा अडवू नका." मी बोललो. दाजींची वाक्यं आधी, मग माझं. आवाज इतका बारीक निघाला, की समोर मेथी निवडत असलेल्या एका बाईलाच काय ते ऐकू गेलं असेल. तिनं मान वर केली.

"मग त्या नर्सबाईनं माफ केलं का नाय?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं जुडी उलटून देठं पाहिली. "बराबर हाय तिचं," म्हणाली, आणि जुडी पिशवीत टाकून पुढे गेली.